पेटीतली कसर

घर म्हटले की मुंगी, झुरळ, पाल, उंदीर ही भाडे न देणारी मंडळी आलीच. त्यांच्याशी आपले रोजचे भांडण चालू असते. झुरळ दिसले की चप्पल उचलली जाते, उंदराचा आवाज आला की पिंजरा लागतो. पण एक भाडेकरू असा आहे की तो वर्षानुवर्षे घरात राहतो, आवाज करीत नाही, चावत नाही, रोगही पसरवीत नाही. म्हणून त्याच्याकडे आपले लक्षच जात नाही. तो म्हणजे कसर. माझेही लक्ष गेले नव्हते. ते गेले तेव्हा माझ्या मुलीचे एक शैक्षणिक वर्ष पणाला लागले होते. इतर कुटुंबांवर अशी पाळी येऊ नये, एवढ्याचसाठी हा घरचा अनुभव लिहीत आहे.

मी एका खाजगी कंपनीत हिशेबाच्या टेबलावर कारकून आहे. रविवारी सकाळी आमच्या विहारात बसून वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, जे काय असेल ते. वीस वर्षे हे काम करतो आहे. समोरचा माणूस फाटका कागद घेऊन आला की मी त्याला हटकून सांगतो, "अहो, कागद जपून ठेवा. कागद हीच आपली शेतीवाडी." हे मी किती जणांना ऐकवले असेल त्याची गणती नाही. स्वतःच्या घरातली पेटी मात्र वडील गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, मी उघडली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ती पेटी पत्र्याची, वडिलांची. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पण पेटी राहिली. तिच्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे गिरणीचे कार्ड, जुनी पुस्तके, साप्ताहिकांचे अंक आणि चार-दोन फोटो होते. कल्याणला आमची खोली तळमजल्यावर आहे. पेटी मोरीच्या भिंतीला टेकवून, जमिनीवर, पलंगाखाली सरकवलेली. वर कुलूप. कुलूप असले की वस्तू सुरक्षित आहे असे आपण धरून चालतो.

जुलै २०२३ मध्ये मुलगी बारावी शास्त्र शाखेत होती. पुढे फार्मसीला जायचे तिने ठरवले होते. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे. ज्यांच्या घरात वडील, काका, आत्या यांपैकी कोणाकडे हे प्रमाणपत्र आधीच आहे, त्यांचे काम सोपे होते. आमच्या घरात ते कोणी काढलेच नव्हते. मग जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्या तारखेपूर्वी आपले कुटुंब याच राज्यात राहत होते आणि त्याची जात अमुक होती, हे कागदावर दाखवावे लागते. आपण बौद्ध झालो, जात टाकली, पण सवलतीच्या कागदावर पूर्वीची नोंद विचारली जातेच. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि केंद्राच्या सवलती बौद्धांनाही मिळू लागल्या. तरी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या कागदाचे महत्त्व कमी झाले नाही.

माझ्या मनाला काळजी नव्हती. आजोबांचा दाखला पेटीत आहे, हे मला ठाऊक होते. रविवारी दुपारी पेटी ओढून बाहेर काढली. कुलूप गंजले होते, ते तेल घालून उघडले. झाकण वर करताच राखाडी-चंदेरी रंगाचे पाच-सहा किडे पारा सांडावा तसे सळसळत कागदांच्या फटीत गेले. मुलगी ओरडली. आई खाटेवरून म्हणाली, "कसर लागली का रे?"

दाखला मिळाला. वडिलांनी तो मोठ्या मायेने जपला होता. घडीवर फाटायला लागला म्हणून त्यांनी घरी गव्हाच्या पिठाची खळ केली आणि तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला. मला तो दिवस आठवतो. मी सातवीत असेन. खळ सर्वत्र सारखी बसावी म्हणून ते तळहाताने कागदावरून हात फिरवीत होते. नेमकी तीच खळ कसरीचे अन्न झाली. जिथे खळ जाड होती तिथला कागद पार खरवडून गेला होता. आजोबांचे नाव शिल्लक होते. जातीचा रकाना गेला होता. जन्मतारखेतले साल गेले होते. रजिस्टर क्रमांकाचे पहिले दोन आकडे, १ आणि ४, दिसत होते. तिसऱ्या आकड्याच्या जागी भोक.

मुलगी काही बोलली नाही. तिने तो पुठ्ठा उजेडाकडे धरला. भोकांतून खिडकीचा उजेड आला. मग हळूच म्हणाली, "पप्पा, आता?" वीस वर्षे दुसऱ्यांना उत्तरे देणाऱ्या माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हते.

आई मात्र बोलली. "अरे, पेटीला कुलूप घातलंस म्हणजे जपलीस असं झालं का? तुझे वडील दर वर्षी दसऱ्याच्या आधी सगळं बाहेर काढून वारं द्यायचे. ते गेले आणि वारं पण गेलं." खरे होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी घर साफ करताना वडील ती पेटी उघडीत, एकेक पुस्तक झटकीत, आम्हा मुलांना वाचून दाखवीत. आम्हाला ती कटकट वाटायची.

आमच्या हिशेबाच्या वहीत 'कसर-वटाव' म्हणून एक खाते असते. चार आणे, आठ आणे असा किरकोळ फरक राहिला की तो त्या खात्याला टाकून हिशेब मिटवायचा. कसर म्हणजे किरकोळ, ती सोडून द्यायची, असे आम्हा कारकुनांच्या अंगवळणी पडलेले असते. पण अकरा वर्षे रोज थोडी थोडी सोडलेली कसर शेवटी मुद्दलच खाऊन बसली.

आता या किड्याविषयी. मी तेव्हापासून पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून जे समजून घेतले ते सांगतो. आपण कपड्याला, कागदाला लागणाऱ्या दोन-चार प्रकारच्या किड्यांना सरसकट कसर म्हणतो. मी सांगतो आहे ती इंग्रजीत सिल्व्हरफिश म्हणतात ती. मासा नव्हे, सहा पायांचा बिनपंखी किडा. अंगावर बारीक चंदेरी खवले, पुढे दोन लांब मिशा, मागे शेपटीसारखे तीन धागे. बोटाच्या एका पेराहून लहान. उजेडाचे तिला वावडे. दिवसा फटीत राहते आणि रात्री फिरते. म्हणूनच रात्री अचानक दिवा लावला की मोरीत, पुस्तकांच्या मांडणीत ती दिसते.

वाळवी आणि कसर यांत गल्लत करू नये. वाळवी मातीच्या नळ्या करून येते आणि आतून पोखरते. कसर कागद वरून खरवडते. अक्षर पुसट होते, कागद पातळ होतो, मग वेडीवाकडी भोके पडतात, कडा कुरतडल्यासारख्या होतात. तिला खरी आवड पिठाची, खळीची, डिंकाची. पुस्तकाच्या बांधणीतली खळ, कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदावरचा थर, जुन्या फोटोवरचा सरसासारखा थर, कांजी घातलेली सुती साडी, हे सगळे तिचे जेवण. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालीत असत ते याच कारणाने. वडिलांना ते कोणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. कसर उपाशी ठेवून मरत नाही. काही महिने ती अन्नावाचून काढू शकते. दोन-तीन वर्षे सहज जगते आणि आयुष्यभर कात टाकत राहते. तिला खरोखर लागतो तो ओलावा. दमट, अंधारी आणि हात न लागणारी जागा मिळाली की तिची वंशवेल वाढते. हवा कोरडी झाली की तिचे काही चालत नाही. तेव्हा तिला मारत बसण्यापेक्षा जागा कोरडी करणे हे पहिले काम. आमची पेटी मोरीच्या ओल्या भिंतीला टेकून होती. मीच तिला घर बांधून दिले होते.

त्या रविवारपासून आम्ही घरातल्या सर्वांनी मिळून जे केले ते क्रमाने देतो.

सर्व सामान बाहेर काढले. एकेक पुस्तक उघडून मऊ ब्रशने पानांच्या मधला, बांधणीच्या खाचेतला कचरा झटकला. जुने कागद कडक उन्हात ठेवले नाहीत. उन्हाने शाई उडते आणि कागद पापडासारखा होतो. पाऊस होता म्हणून खोलीत दोरीवर जुनी धुतलेली चादर टाकून, पंख्याखाली सावलीत पसरले. पेटीच्या तळाला घातलेले जुने वर्तमानपत्र फेकून दिले. आपण कपाटात सर्वत्र वर्तमानपत्र अंथरतो, पण खाली ओल धरली की कसरीला तीच जागा लपायला सोयीची होते.

मोरीचा गळका नळ बसवून घेतला. तो दोन वर्षे गळत होता. भिंतीतल्या आणि फरशीच्या कडेच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. पेटी चार विटांवर उचलून, भिंतीपासून वीतभर दूर, दुसऱ्या बाजूला ठेवली. एवढ्या तीन गोष्टींनी निम्मे काम झाले असे आज वाटते.

मुलीने बरणीचा सापळा केला. काचेच्या रिकाम्या बरणीला बाहेरून वरपर्यंत कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे किड्याला चढता येते. आत पावाचा तुकडा किंवा चिमूटभर पीठ टाकायचे. कसर वास घेत वर चढते आणि आत पडते. आतल्या गुळगुळीत काचेवरून तिला परत चढता येत नाही. सकाळी साबणाच्या पाण्यात टाकून द्यायची. माझ्या सवयीप्रमाणे मी वहीत नोंद ठेवली. पहिल्या आठवड्यात एकवीस सापडल्या, दुसऱ्या आठवड्यात चौदा, गणपतीच्या सुमारास आठवड्याला चार-पाच आणि दिवाळीनंतर एखाददुसरी. बरणीने घर साफ होते असे नाही. पण कसर कोठे जास्त आहे आणि आपला उपाय लागू पडतो की नाही, हे बरणी अचूक सांगते.

फटींमध्ये बोरिक पावडर टाकली. कॅरमवर टाकतात तीच. ढीग घालू नये, नुसती धूळ बसेल इतकीच टाकावी. पोटात गेल्यास ती विषारी आहे. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी, भांड्यांजवळ किंवा कागदांवर ती कधीही टाकू नये.

डांबराच्या गोळ्यांविषयी आमच्या पत्नीने बरोबर हरकत घेतली. शेजारी बाळंतपणाला मुलगी आली होती. या गोळ्यांच्या वासाने काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. तेव्हा बाळाच्या कपड्यांत त्या कदापि ठेवू नयेत. मुले त्यांना गोळी समजून तोंडातही घालतात. आईचा कडुलिंबाचा पाला आम्ही ठेवतो, पण सावलीत पूर्ण वाळवून, पुरचुंडी बांधून. ओला पाला ठेवला तर ओलावा आपणच आत नेतो. आणि नुसत्या पाल्याच्या भरवशावर राहू नये.

आईच्या पौर्णिमेच्या पांढऱ्या साड्यांनाही दोन ठिकाणी भोके आढळली. आया-बहिणींनी एवढे ध्यानात ठेवावे की कांजी घातलेली सुती साडी वर्षभर तशीच घडी घालून ठेवू नये. ठेवायची ती कांजी धुऊन काढून, पूर्ण वाळवून ठेवावी. कांजी नेसायच्या आदल्या दिवशी घालावी.

कागद फाटला तर चिकटपट्टी लावू नये, ती पुढे पिवळी पडून अक्षरच उचलते. जुन्या मूळ दाखल्याचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते परत काढता येत नाही आणि उष्णतेने कागदाचे नुकसान होते. ओलसर कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंडला तर बुरशी येते. पूर्ण कोरडा करून, साध्या स्वच्छ कागदी पाकिटात घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. आणि मोबाईलवर प्रत्येक कागदाचा पुढून-मागून फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवावा. फोटो मूळ कागदाची जागा घेत नाही, पण मूळ कागद गेला तर तो शोधायचा रस्ता फोटो दाखवतो.

आमचा रस्ता दाखवला तो वाचलेल्या दोन आकड्यांनी. आजोबांचे गाव चिपळूण तालुक्यात. त्यांच्या वेळची लोकल बोर्डाची मराठी शाळा आज जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी रजा काढून गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी तो कुरतडलेला पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "भाऊ, क्रमांक चौदाने सुरू होतो ना? आकडे तीनच असणार. म्हणजे एकशे चाळीस ते एकशे एकोणपन्नास. दहाच नोंदी बघायच्या." मी बी.कॉम. झालेला हिशेबनीस, पण हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

बाईंनी कपाटातून बासनात बांधलेले जनरल रजिस्टर काढले. त्यालाही कोठे कोठे भोके होती, पण ते कोरडे होते. बाई म्हणाल्या, त्या दर वर्षी मे महिन्यात सगळी रजिस्टरे बाहेर काढून पाने चाळतात. सातव्या नोंदीला आजोबा भेटले. नाव, वडिलांचे नाव, गाव, जन्मतारीख, जात. शाळेत दाखल १९३०. शाळा सोडली १९३४, इयत्ता तिसरी. कारणाच्या रकान्यात 'गैरहजर' एवढाच शब्द. आजोबा सांगत की त्यांना पडवीत बसवीत आणि पावसात पाटी भिजे. तो गैरहजरपणा कशाचा, हे रजिस्टरात कोणी लिहिले नव्हते. पण त्या पोराचे नाव तरी लिहून ठेवले होते, आणि नव्वद वर्षांनी त्याच एका ओळीने त्याच्या पणतीला आधार दिला.

बाईंनी रजिस्टरचा साक्षांकित उतारा दिला. तो जोडून अर्ज गेला. दोन वेळा त्रुटी निघाल्या, आणखी एक खेप गावाला झाली, बिनपगारी रजा पडल्या. प्रमाणपत्र २०२४ च्या उन्हाळ्यात हाती आले आणि मुलगी आज बी.फार्मसीला आहे. सगळ्यांनाच अशा बाई भेटतील आणि सगळीच रजिस्टरे कोरडी असतील, याचा मात्र भरवसा नाही.

या प्रकरणात एक गोष्ट मनाला फार लागली, ती सांगून थांबतो. पेटी साफ झाल्यावर पत्नी म्हणाली, भिंतीवरच्या तसबिरीही पाहून घेऊ. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर खाली उतरवली. दर १४ एप्रिलला मी त्या काचेवरून फडका फिरवतो, हार घालतो. मागची बाजू कधी पाहिली नव्हती. मागच्या पुठ्ठ्याला खळ, भिंतीला ओल. पुठ्ठा अर्धा खाल्लेला आणि आत कसरी फिरत होत्या. चित्रापर्यंत पोहोचायला त्यांना आणखी एखादा पावसाळा लागला असता. समोरून हार आणि मागून कसर. माझी मान खाली गेली.

ज्या माणसाने पुस्तकांना जागा हवी म्हणून दादरला राजगृह बांधले, त्याची तसबीर आपण टांगतो आणि पुस्तके पेटीत कोंडतो. पेटीतल्या पुस्तकांतही मला हेच दिसले. जे पुस्तक वडील वारंवार वाचीत, ज्याची पाने बोटांनी मळली होती, ते शाबूत होते. जे कधीच उघडले गेले नाही त्याचीच बांधणी गेली होती. ज्या पानावर माणसाचा हात फिरतो, तिथे कसरीला निवांत राहता येत नाही.

आता आमच्या घरी महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी उघडतो. अर्धा तास लागतो. मुलगी कागद झटकते, धाकटा मुलगा एक पान मोठ्याने वाचतो, आई ऐकते. विहारातही मी आता नुसते "कागद जपा" असे सांगत नाही. शेवटचा कधी उघडून पाहिलात, असे विचारतो. बहुतेक जण माझ्यासारखेच गप्प होतात.

बंधू-भगिनींनो, वाचून झाल्यावर एवढे करा. पेटी भिंतीपासून सरकवा, कुलूप काढा आणि सर्वांत जुना कागद हातात घ्या. आणि भिंतीवरची तसबीर खाली उतरवून एकदा मागून पाहा.

जय भीम!